वस्तू म्हणजे काय रे भाऊ?

आमचा भाचा हिंजवडीला नोकरीला आहे. मध्यंतरी महिनाभर तो रोज रात्री साडेनऊला वरणभाताचं ताट मांडीवर घेऊन लॅपटॉपसमोर बसायचा आणि एका अमेरिकन गृहस्थाचं बोलणं टिपून घ्यायचा. 'केटी चालू आहे, मामा.' आमच्या वेळी केटी म्हणजे राहिलेला विषय. आता केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. वीस वर्षं केलेलं काम दुसऱ्याला समजावून सांगायचं आणि त्याला समजलं की आपण घरी जायचं. द्रोणाचार्यांनी निदान अंगठा दुसऱ्याचा मागितला होता.

'त्याचं पुढे काय?' मी विचारलं.

'त्यांच्याकडे काहीतरी सरकारी स्कीम असते म्हणे,' असं म्हणत भाच्याने लोणच्याची फोड उचलली. म्हटलं, बघू तरी स्कीम.

स्कीम होती. नाव ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स. १९६२ साली केनेडींना आयातकर उतरवायचे होते. स्वस्त माल आला की काही कारखाने बसणार हे उघड होतं. म्हणून कायद्यातच लिहून टाकलं, की आयातीने ज्यांची नोकरी जाईल त्यांना भत्ता आणि नव्या कामाचं शिक्षण मिळेल. माल आला. मदत मात्र १९६९ संपत आलं तरी एकाही कामगाराला मंजूर झाली नव्हती. सात वर्षांत एकही अर्ज मंजूर नाही! आपल्या तलाठी कार्यालयालाही हा विक्रम झेपला नसता, तिथे चुकून तरी एखादं काम होतंच. पुढे १९७४ साली अटी सैल केल्या, मोटार-कामगारांना बऱ्यापैकी पैसे मिळू लागले, तोच १९८१ साली रेगन यांनी कात्री लावली. तिथल्या कामगार संघटना या मदतीला 'दफनाचा विमा' म्हणत. हप्ते जन्मभर भरायचे आणि लाभ कधी, तर खड्ड्यात गेल्यावर.

आपल्याकडे मयताच्या घरी शेजारून पिठलंभात आधी पोचतो. माणूस कशाने गेला, ही चौकशी मागाहून. अमेरिकेत आधी शवविच्छेदन. तीन कामगारांनी सह्या करून अर्ज द्यायचा. मग कामगार खात्याचा तपासनीस मालकालाच विचारायचा, यांना का काढलंत? मालकाच्या गिऱ्हाइकांना विचारायचा, तुम्ही परदेशी माल घ्यायला लागलात का? नोकरी आयातीने गेली असं सिद्ध झालं तर मदत. यंत्राने गेली, मंदीने गेली किंवा मालकाच्या मूर्खपणाने गेली, तर चारचौघांसारखा बेकारभत्ता घ्या आणि राम म्हणा. चूल सगळ्यांची सारखीच विझते, पण अर्जात चुलीचा रकाना नव्हता.

आता भाच्याच्या गुरुजींकडे येऊ. या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या प्रोग्रामर मंडळींनीही अर्ज केले, की साहेब, आमचं काम भारतात गेलं. खात्याने कायदा उघडला. कायद्यात शब्द होता 'वस्तू'. सॉफ्टवेअर ही वस्तू आहे का? खात्याने ठरवलं, सीडीत भरून पाठवलं तर वस्तू, तारेतून पाठवलं तर नाही. म्हणजे पिशवीत असेपर्यंत दूध, पातेल्यात ओतलं की नुसता पांढरा रंग! अर्ज नामंजूर. माणसं कोर्टात गेली, आंतरराष्ट्रीय व्यापाराचं वेगळं कोर्ट आहे तिथे. न्यायाधीशांनी खात्याचे कान उपटले, तेव्हा कुठे २००६ साली खात्याने मान्य केलं की हाताला लागली नाही तरी ती वस्तूच. २००९ साली सेवा देणाऱ्यांनाही दार उघडलं. मग ती तरतूद संपली, परत आली, पुन्हा संपली, पुन्हा आली. एसटीचा विनंती थांबा असतो ना, तसं. आपल्यासाठी गाडी थांबणार की नाही, हे अर्जाच्या तारखेवर.

बरं, ज्यांच्या वस्तूबद्दल शंकाच नव्हती त्यांचं काय? इलिनॉयमधल्या गेल्सबर्ग गावात मेटॅग कंपनीचा फ्रिजचा कारखाना होता. २००४ साली तो बंद झाला, काम मेक्सिकोत रेनोसाला गेलं, सुमारे १,६०० नोकऱ्या गेल्या. ओबामांनी त्याच वर्षी बोस्टनच्या गाजलेल्या भाषणात या कामगारांचा उल्लेख केला. भाषणानंतर ओबामांना बढती मिळाली. जन्मभर फ्रिज जोडलेल्या माणसांना मिळालं ते पुन्हा दप्तर. शिकायचं नसेल आणि वय पन्नाशीच्या पुढे असेल, तर कमी पगाराची नोकरी धरा, पगारातल्या फरकाचा निम्मा भाग सरकार द्यायचं. पण दोन वर्षंच, आणि कमाल १०,००० डॉलर. एकोणपन्नासाव्या वर्षी नोकरी गेली तर वाढदिवसापर्यंत कळ काढा.

राजकारणात या योजनेचं स्थान फोडणीतल्या कढीपत्त्याचं. त्याच्याशिवाय व्यापारकराराला वास सुटत नसे, आणि पानात वाढल्यावर पहिला तोच बाजूला काढत. जून २०१५ मध्ये तर कहर झाला. ओबामांचा करार अडवायचा म्हणून त्यांच्याच डेमोक्रॅट खासदारांनी स्वतःची लाडकी कामगार-मदत ३०२ विरुद्ध १२६ मतांनी पाडली. दोन आठवड्यांत परत पासही केली. कामगारांवरच्या प्रेमापोटी कामगारांची मदत पाडणं ही कला आपल्या विधिमंडळालाही अजून शिकायची आहे, कोणीतरी केटी द्यावी.

शेवटी योजनेची मुदत संपली आणि काँग्रेसने ती वाढवली नाही. २ एप्रिल २०२५ला ट्रम्प यांनी व्हाइट हाउसच्या बागेत भलामोठा तक्ता धरून जगभराच्या मालावर कर लावले, कामगारांच्या कल्याणासाठी. तक्त्यात देशांची नावं होती, या योजनेचं नव्हतं.

परवा भाच्याने विचारलं, 'मामा, त्या गृहस्थांचा मेल आलाय. त्या स्कीमचं काय सांगू?' म्हटलं, सह्या गोळा करत हिंडू नका म्हणावं. १ जुलै २०२२ पासून नवीन अर्ज घेणं बंद आहे.