लिंक बायोमध्ये, इमारत आरक्षणात

वसई-विरारमध्ये सध्या सर्वांत झपाट्यानं उभी राहणारी वास्तू म्हणजे रील. तिला बांधकाम परवानगी लागत नाही, भोगवटा दाखला लागत नाही, टँकरचं पाणी लागत नाही आणि जुलैच्या पावसात तिच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणीही साचत नाही. अर्ध्या मिनिटात अख्खा वन बीएचके उभा राहतो. मोबाइल दारातून आत शिरतो, वाइड अँगलच्या कृपेनं दिवाणखाना दसरा मेळाव्याला पुरेल एवढा होतो, 'ऑल इन्क्लुझिव्ह' अशी अक्षरं पडद्यावर नाचतात आणि गॉगल लावलेला तरुण छातीठोकपणे सांगतो, 'स्टेशनपासून फक्त पाच मिनिटं!' ती पाच मिनिटं कोणत्या वाहनानं आणि पहाटे किती वाजता, हे विचारायचं नसतं. धानीव बागेतून नालासोपारा स्टेशन गाठणाऱ्या शेअर रिक्षातल्या माणसांना ही पाच मिनिटं पाठ आहेत. त्यात सकाळची विरार फास्ट सुटून जाते.

समाजमाध्यमांवरून धंदा कसा वाढवावा, हे शिकवणाऱ्यांचा एक वर्ग आता गल्लोगल्ली निघाला आहे. त्यांची शिकवण थोडक्यात अशी: लहान दुकानदाराला पूर्वी वर्तमानपत्रात चौकट घेणं परवडत नव्हतं, आता तो आणि टाटा एकाच पडद्यावर, एकाच आकारात दिसतात. यात तथ्य आहे, हे आधीच मान्य करून टाकतो. आगाशीची सुकेळी घ्या. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि केळीच्याच सुक्या पानांत बांधायची, असा हा जुना आणि चिकाटीचा उद्योग. त्याला मोठं दुकान नाही, जाहिरातीचा पैसा नाही. व्हॉट्सॲपवर एक फोटो गेला की बोरिवलीहून मागणी येते, हा त्या माध्यमाचा शुद्ध उपकारच. पण सुकेळी विकणारी बाई त्या फोटोसोबत आणखी काय देते पाहा: नाव, गाव आणि फोन नंबर. माल खराब निघाला तर गिऱ्हाईक कुठल्या दारात येऊन बसेल, हे तिनं स्वतःच सांगितलेलं असतं. जाहिरात म्हणजे गिऱ्हाइकाच्या हाती दिलेला आपला पत्ता. माझं म्हणणं एवढंच आहे, की आपल्या तालुक्यात समाजमाध्यमांचा सर्वांत कुशल वापर पत्ता लपवण्यासाठी चालला आहे.

शंका असेल तर घरविक्रीच्या रीलमध्ये काय नसतं ते पाहा. इमारतीचं नाव बहुधा नसतं, कारण ते कळलं तर गिऱ्हाईक दलालाला वगळून थेट जाईल. विकासकाचं नाव नसतं. सर्व्हे नंबर तर स्वप्नातही नसतो. किंमत असते, पण चटई क्षेत्र नसतं. असतं ते 'सेलेबल', म्हणजे जिना, भिंती आणि विक्रेत्याची कल्पनाशक्ती धरून मोजलेलं. उरलेली जागा भविष्यकाळानं भरलेली असते. बुलेट ट्रेनचं विरार स्थानक येतंय, सागरी सेतू येतोय, वाढवण बंदर येतंय. वाढवण डहाणू तालुक्यात आहे आणि विरारहून डहाणू रोड लोकलनं साठेक किलोमीटर आहे, ही किरकोळ बाब. बंदर आलं की विरारच्या चौथ्या मजल्यावरच्या वन आरकेचा भाव का वाढावा, हे आम्हाला उमगलेलं नाही. जहाजं बहुधा भाड्यानं खोल्या शोधत असावीत. आणि 'शेवटचे दोनच फ्लॅट' ही घोषणा तर या व्यवसायातली एकमेव टिकाऊ बांधणी आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: फसवणूक काय रीलमुळे सुरू झाली? इन्स्टाग्रामची रील भारतात आली ती जुलै २०२० मध्ये, टिकटॉकवर बंदी आल्यानंतर. नालासोपारा पूर्वेला आचोळे भागात ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या त्या त्याच्याही कितीतरी आधी. जागेचा काही भाग सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आणि कचराभूमीसाठी आरक्षित होता. त्यावर इमारती झाल्या, बनावट कागदपत्रांच्या आधारे सदनिका विकल्या गेल्या, संसार लागले. जुलै २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं पाडण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयात दिलासा मिळाला नाही आणि २०२५ च्या सुरुवातीपर्यंत सर्व इमारती जमीनदोस्त झाल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबं रस्त्यावर आली. त्यांना कुणी रील दाखवली नव्हती. तेव्हा रीलला दोष कसला?

आक्षेप बरोबर आहे आणि म्हणूनच रीलची खरी करामत कळते. जुन्या पद्धतीच्या फसवणुकीला निदान एक पत्रक लागायचं. रंगीत, गुळगुळीत, वर गणपती आणि खाली कार्यालयाचा पत्ता. ते पत्रक गिऱ्हाईक कपाटात पावत्यांसोबत जपून ठेवायचं. २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्याचं कलम १२ नेमकं याच कपाटाच्या भरवशावर आहे: जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या चुकीच्या मजकुरावर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई मिळते, व्यवहारातून बाहेर पडायचं असेल, तर पैसे व्याजासह परत मागता येतात. त्यासाठी जाहिरात हाताशी हवी. स्टोरी चोवीस तासांत उडून जाते. रील एका बोटानं पुसली जाते. पान नाव बदलून दुसऱ्या दिवशी 'ड्रीम होम्स'चं 'स्वप्ननगरी' होतं आणि अनुयायी तेच राहतात. पूर्वी बिल्डरला पळावं लागायचं. आता त्याची जाहिरातच पळते, तो जागचा हलत नाही.

दुसरा आक्षेप कायद्याच्या बाजूनं येतो: नियम आहेत की! आहेतच, आणि ते चांगले आहेत. नोंदणीशिवाय प्रकल्पाची जाहिरात करता येत नाही, आणि रेराच्या व्याख्येत जाहिरात म्हणजे कोणत्याही माध्यमातली प्रसिद्धी. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेरानं, म्हणजे या कायद्याच्या राज्यातल्या प्राधिकरणानं, प्रत्येक जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला, न दिल्यास ५० हजारांपर्यंत दंड ठेवला. दलालालाही नोंदणी लागते, प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. पण जो नियम पाळायचा तो कसा पाळायचा, यात आपली प्रतिभा दिसते. क्यूआर कोड रीलच्या शेवटी अर्धा सेकंद, कोपऱ्यात, तिळाएवढा चमकतो. शिवाय रील मोबाइलवर बघायची आणि कोड मोबाइलनंच स्कॅन करायचा. म्हणजे घर घेणाऱ्याकडे आधी दुसरा मोबाइल हवा. पाचशे चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत सदनिका असतील, तर नोंदणीची सक्तीच नाही. वालीव-पेल्हारकडच्या बैठ्या चाळींच्या खोल्या तर नोटरीच्या कागदावर विकल्या जातात; त्यांचा आणि महारेराचा परिचयच झालेला नाही.

'बेरोजगार पोरं चार पैसे कमावतात, तुमच्या पोटात का दुखतं?' असंही विचारतात. पोरांनी कमवावं, जरूर कमवावं. पण ज्या घराचं कमिशन घेतो त्याचा कागद बघणं, हेच तर त्या कमिशनचं काम आहे. पैसे घेऊन भलामण करणाऱ्यानं ती जाहिरात असल्याचं स्पष्ट सांगावं, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्येच बजावलं आहे. आणि माध्यम चालवणाऱ्या कंपन्यांनाही एक विचारावंसं वाटतं: नगरसेवकाच्या उमेदवारीची जाहिरात द्यायची तर तुम्ही ओळखपत्र मागता, मग कुणाच्या आयुष्यभराच्या कमाईवर हात घालणाऱ्या जाहिरातीला महारेरा क्रमांक मागताना तुमचं तंत्रज्ञान कुठे अडतं?

राहिला गिऱ्हाइकाचा दोष. 'स्वस्ताच्या मागे कशाला धावले?' हा प्रश्न बहुधा दादरला स्वतःचं घर असलेला माणूस विचारतो. मुंबईत पगार आणि विरारला घर, ही लोभाची कहाणी नाही, अंकगणित आहे. दस्त नोंदला म्हणून इमारत अधिकृत होत नाही, घरपट्टीची पावती आली म्हणूनही होत नाही, हे गिऱ्हाइकाला कुणी सांगितलेलं नसतं. २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री, गणपती बसायच्या आदल्या रात्री, विरार पूर्वेच्या विजयनगरमधली रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. इथे विनोद थांबतो. ती घरं कुणीतरी विकली होती आणि कुणीतरी त्यांची तारीफही केली असणार.

तेव्हा वाचकहो, पुढची रील समोर आली की आधी तिचं स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवा, कारण उद्या ती असेलच असं नाही. आणि कमेंटमध्ये 'प्राइस?' विचारण्याआधी 'महारेरा नंबर?' विचारा, तोही सर्वांसमोर. उत्तर 'डीएम करा' असं आलं, तर टोकन देऊ नका.