बंदीतली पुडी

संध्याकाळी मुंबईतल्या नाहूर स्टेशनबाहेर पाच मिनिटं थांबा. एक पोरगा टपरीवर दोन पुड्या मागतो, एक पानमसाल्याची, एक तंबाखूची. दोन्ही एकत्र करून तोंडात ओततो आणि लोकल पकडतो. महाराष्ट्राने गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली जुलै 2012 मध्ये. तेव्हा हा पोरगा बालवाडीत असेल. बंदीच्या राज्यात तो व्यसनी झाला, आणि याची लाज त्याला नाही, आपल्या सरकारला वाटली पाहिजे.

'तंबाखू नाही हो, नुसती सुपारी' असं सांगणाऱ्यांनीही ऐकावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 च्या अहवालात तंबाखूविना सुपारीलाच कर्करोगकारक ठरवलं. सुपारीने गालाची आतली कातडी ताठरते, जबडा आखडतो. आपलीच तीन बोटं उभी तोंडात जात नसतील, तर दातांच्या डॉक्टरकडे जा. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, बसलेला आवाज, मानेतली गाठ, यातलं काहीही असेल तरी उद्यावर ढकलू नका. बिडी-सिगारेटच्या जोडीला दारू असेल, तर घशाच्या कर्करोगाचा धोका नुसता वाढत नाही, गुणाकाराने वाढतो.

राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील 16 फेब्रुवारी 2015 ला तोंडाच्या कर्करोगाने गेले. वय अवघं 57. शरद पवारांनी सुपारीची सवय आणि त्यापायी झालेली तोंडाची शस्त्रक्रिया जाहीर भाषणात सांगितली आहे. सत्तेतल्या माणसांनाही या रोगाने सोडलं नाही, तरी सत्तेला घाई नाही.

नाहूरहून धीमी लोकल थेट परळला जाते. तिथल्या टाटा रुग्णालयाने 2015 मध्ये जगाला दाखवून दिलं की तोंडाचा कर्करोग सुरुवातीचा असतानाच मानेतल्या ग्रंथीही काढल्या, तर तीन वर्षांनी 80 टक्के रुग्ण जगतात. गाठ दिसेपर्यंत थांबलं तर 67.5 टक्के. उपचार जगाला शिकवणाऱ्या शहरात रोगाची पुडी हातोहात मिळते, हे मला सहन होत नाही. टपरीवाल्याला दंड करून फोटो काढणं पुरे झालं. अन्न व औषध प्रशासनाने आणि पोलिसांनी त्याच्या पुडीचा माग काढत गोदाम गाठावं, आणि गोदामाच्या मालकाचं नाव जाहीर करावं.