तात्यांची तब्येत

चिंचिला आजारी पडला तरी सांगत नाही. हा त्याचा सोशिकपणा नव्हे, पिढीजात शहाणपण आहे. चिलीमधल्या अँडीजच्या उतारांवर, खडकांच्या कपारींत त्याचं मूळ घर. वर घुबडं, खाली कोल्हे. तिथे जो लंगडतो, किंवा नुसता केविलवाणा चेहरा करून बसतो, त्याचा नंबर आधी लागतो. त्यामुळे पोटात कळा येत असल्या तरी चिंचिला फळीवर ऐटीत बसून राहणार. असा रोगी डॉक्टरांना आवडत असेलही, पण घरच्यांनी काय करायचं? आमच्या नात्यात शिंक येण्याआधी शिंक येणार असल्याचं जाहीर करायची पद्धत आहे. अशा घराण्यातल्या माणसाच्या हाती न कण्हणारा रोगी दिला की आजाराची सगळी लक्षणं त्या माणसातच दिसू लागतात.

आमच्या चिंचिलाचं नाव तात्या. आम्ही मूळचे नागपूरचे, राहतो इंग्लंडात, नॉटिंगहॅमला. तात्या मुलीच्या हट्टाने आले आणि नावही तिनेच ठेवलं. दिवसभर झोपायचं, संध्याकाळी उठून मिशा साफ करायच्या, ताटात वाढलेलं नाक मुरडत हुंगायचं आणि रात्रभर खुडबुड करून कुणाला झोपू द्यायचं नाही, हे पाहून तिला तिच्या आईच्या तात्याकाकांची आठवण झाली. वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास, पण नाव तात्या म्हटल्यावर अरेतुरे करायला कुणाची जीभ रेटेना. घरात सगळे ‘अहो तात्या’च म्हणतात.

याचे परिणाम बाहेर होतात. एकदा ट्रॅममधून ऑफिसला जाताना मी बायकोला फोनवर विचारत होतो, “तात्यांनी सकाळी काही खाल्लं का? शी झाली? किती? अगं, मोजायची ना!” शेजारच्या सीटवरच्या बाई मराठी निघाल्या. फार मायेने म्हणाल्या, “वय काय हो त्यांचं?” मी म्हटलं, “सहा.” त्या जरा थांबल्या. “घरीच असतात?” म्हटलं, “हो, पिंजऱ्यात.” पुढच्या स्टॉपला त्या उतरल्या. त्यांचा स्टॉप तो नसावा.

पण शी मोजण्यात हसण्यासारखं काही नाही. चिंचिलाच्या प्रकृतीचं खरं वर्तमानपत्र तेच. तब्येत ठणठणीत असली की तांदळाच्या जाड दाण्याएवढ्या, कोरड्या, टणक लेंड्या दिवसाला शेकड्यांनी पडतात. त्यातल्या काही तात्या स्वतःच पुन्हा खातात आणि ते योग्यच आहे. पहिल्या खेपेला न पचलेलं सत्त्व दुसऱ्या खेपेला मिळतं. लेंड्या बारीक झाल्या, कमी झाल्या की समजायचं, आतलं यंत्र मंदावलंय. या प्राण्याला उलटी करता येत नाही. आतडं थांबलं की पोटात वायू साठतो, भूक मरते, भूक मेली की आतडं आणखी थांबतं. ‘बघू या सकाळपर्यंत’ हे आपलं घराघरातलं निदान इथे चालत नाही. दिवसभर खाणं बंद आणि लेंड्या बंद म्हणजे दवाखाना, मग वार कुठलाही असो. म्हणून आमच्याकडे रोज सकाळी पिंजऱ्याखालचा ट्रे बाहेर येतो आणि बायको त्याच्याकडे सराफासारखी पाहते.

दुसरं वर्तमानपत्र म्हणजे वजनकाटा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर स्टीलचं पातेलं ठेवायचं, आकडा शून्यावर आणायचा, पातेल्यात तात्यांना बसवायचं आणि ते उडी मारायच्या आत आकडा वाचायचा. दर रविवारी. वरून तो लोकरीचा गोळा तसाच गरगरीत दिसत असतो आणि आत माणूस, म्हणजे चिंचिला, झडत असतो. एकेका छिद्रातून पन्नासाहून जास्त केस उगवतात. इतक्या दाट केसांत पिसवांनाही राहता येत नाही, तिथे आपल्याला बरगड्या कुठल्या दिसायला! काटा मात्र फसत नाही. तात्यांच्या वजनाची वही आहे. माझ्या वजनाची नाही, आणि ती करावी असं अजून कुणी सुचवलेलंही नाही.

२०२२च्या उन्हाळ्यात आई नागपूरहून आली. तिने तात्यांना जवळून पाहिलं तेव्हा ते जांभई देत होते. समोरचे चारही दात गडद केशरी. आई दोन पावलं मागे सरली. “बाप्पा! हा खर्रा खातो की काय रे?” ज्या शहरात पानठेल्यावर प्लॅस्टिकच्या तुकड्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून मिळतो, तिथल्या बाईला दुसरं काय सुचणार? तिला समजावलं की चिंचिलाचे दात असेच हवेत. पांढरे पडले तर काळजी करायची. तिला ते पटलं नाही, पण त्या दिवसापासून ती तात्यांशी जरा गल्लीतल्या माणसासारखी बोलू लागली.

दातांचं प्रकरण एवढ्यावर संपत नाही. चिंचिलाला वीस दात आणि वीसच्या वीस आयुष्यभर वाढत राहतात. सुकं गवत तासन् तास चावलं तरच ते झिजतात. बदाम, बेदाणे, बिस्किटं चारली की गवत मागे पडतं, दाढा वाकड्या वाढतात, जिभेला-गालाला टोचतात, मुळं वर डोळ्यांकडे आणि खाली जबड्यात सरकतात. मग डोळ्यातून पाणी, हनुवटी ओली, खायला जवळ यायचं आणि घास टाकून द्यायचा. आईची मुठीत लपवलेल्या बेदाण्याची योजना मी दोनदा उधळली. “एक दाणा खाल्ल्यानं कोणी मरत नाही,” असं म्हणून ती रुसली. रुसलेल्या आईची समजूत दोन दिवसांत निघते. चिंचिलाच्या दाढा घासायला भूल द्यावी लागते.

आणि मग जुलै आला. इंग्लंडच्या हवामान खात्याने अतितीव्र उष्णतेचा लाल इशारा त्या वर्षी पहिल्यांदाच दिला. १९ जुलैला लिंकनशायरमधल्या कॉनिंग्जबीला ४०.३ अंश तापमान नोंदलं गेलं. या देशाने ४० हा आकडा त्याआधी कधी पाहिला नव्हता. रेल्वेगाड्या संथ झाल्या, शेजारी घामाघूम होऊन हताश चेहऱ्याने दारात उभे राहिले, आणि आमच्या मातोश्री अंगणात वाळवणासाठी जागा बघू लागल्या. “कालपरवापासून कुठे जरा बरं वाटून राहिलंय,” म्हणाल्या.

तात्यांना मात्र पंचविसाच्या वर सोसत नाही. अंगावरचा कोट काढता येत नाही, घाम येत नाही. आणि घाम नाही म्हणून पंख्याचाही उपयोग नाही. वाऱ्याने वाळायला अंगावर काही ओलं असावं लागतं. कान लाल झाले, आडवा पडून धापा टाकू लागला की तो उष्माघात. नागपूरहून भावाचा फोन आला, “अरे, कूलर लाव ना! खसच्या ताट्या पाठवू?” कूलर हे नागपूरकराचं सगळ्या प्रश्नांना दिलेलं उत्तर आहे. पण कूलर हवा गार करतो ती ओली करून, आणि ओल ही चिंचिलाच्या जिवावर येते. तो दाट कोट एकदा भिजला की आतून लवकर वाळत नाही आणि बुरशी धरतो. म्हणून तर हा प्राणी पाण्याने अंघोळ करत नाही. ज्वालामुखीच्या खडकाची मैद्यासारखी बारीक पूड घेऊन तिच्यात लोळतो. त्या पुडीने तात्या लख्ख होतात आणि मी शिंकत सुटतो. आमच्या घरात ॲलर्जीची गोळी फक्त मीच घेतो.

बायकोने वसंतातच एक पोर्टेबल एसी घेऊन ठेवला होता, तो तात्यांच्या खोलीत लागला. गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्यांना मोजे चढवून पिंजऱ्यात ठेवल्या, फ्रीजमध्ये गार केलेली ग्रॅनाइटची फरशी बसायला दिली. बर्फाची ही सरबराई तात्यांच्या घराण्याला नवी नाही. मथायस चॅपमन नावाच्या अमेरिकन खाण-अभियंत्याने १९२३ साली अकरा-बारा चिंचिला चिलीहून कॅलिफोर्नियाला आणले. आधी डोंगरावरून हळूहळू खाली उतरवून त्यांना हवेची सवय करून दिली आणि जहाजावर बर्फाने गार ठेवलं. हेतू मायेचा नव्हता, फरच्या कोटांचा होता. आज घराघरांत पाळलेले बहुतेक चिंचिला त्या मूठभरांचे वंशज. चॅपमनने बोटीवर जे केलं, तेच मी नॉटिंगहॅमच्या वरच्या मजल्यावर करत होतो, फरक एवढाच की कोट मिळणार नव्हता.

घरात गार खोली एकच, ती तात्यांची. रात्री आम्ही चौघं त्यांच्या पिंजऱ्याभोवती गाद्या टाकून झोपलो. म्हणजे आडवे झालो. तात्यांची ती चाकावर धावायची वेळ. रात्री दोन वाजता मुलगी म्हणाली, “बाबा, तात्यांना सांग ना आपण पाहुणे आहोत.” आईने शाल गुंडाळली, वीस अंशांत जेमतेम तासभर काढला आणि उठली. “मले नाही सोसत हे हिमालय. मी तिकडं झोपतो.” बाहेरच्या तापलेल्या खोलीत ती सकाळपर्यंत घोरत होती.

उन्हाळा सरला, आई परतली, आणि तात्यांनी थंडीत, सगळं अनुकूल असताना, एका रात्री जेवण सोडलं. पाठीला पोक काढून कोपऱ्यात बसले. ट्रेमध्ये इनमीन दहा लेंड्या. माझं धाबं दणाणलं. त्यांना प्रवासाच्या पेटीत घालायला हात पुढे केला, तर ते सटकले आणि माझ्या मुठीत केसांचा जुडगा राहिला. मी ओरडलो, “तात्यांना चाई पडली!” चाई नव्हती. कोल्ह्याच्या तोंडात केस ठेवून पळायची ही त्यांची जुनी युक्ती. त्या जागी केस पुन्हा येतात, काही महिने लागतात. पण दीडशे पौंडांचा दवाखाना दाखवायला निघालेल्या माणसाला कोल्ह्याच्या जागी धरलं, हे मनाला लागलं.

या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरीणबाई रात्रपाळीला होत्या. त्यांनी पोट चाचपलं, आतड्यांचा आवाज ऐकला, कानात बघायच्या नळीने दाढा पाहिल्या. मग विचारलं, “खाण्यात काही बदल?” गवताची कंपनी बदलली होती. नेहमीचं मिळालं नाही म्हणून दुसरं आणलं. तात्यांनी ते नापसंत केलं, उपास केला, उपासाने आतडं मंदावलं. एका माणसाच्या हट्टापायी घर जागरण करतं, हे आम्हाला तात्याकाकांमुळे ठाऊक होतंच. वेळेत आणलंत, असं बाईंनी दोनदा सांगितलं. आतडं चालू करायचं औषध, वेदनाशामक आणि एक हिरवी पूड मिळाली.

ती पूड कोमट पाण्यात कालवून बिनसुईच्या सिरिंजने भरवायची असते. बायकोने तात्यांना टॉवेलात गुंडाळून फक्त तोंड बाहेर ठेवलं. समोरचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथे बाजूने टोक सरकवायचं, थेंबभर सोडायचं, गिळेपर्यंत थांबायचं. घाई केली तर फुप्फुसात जातं. पहिला घास तात्यांनी तोंडात घोळवला, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या चष्म्यावर परत केला. दुसरा गिळला. पहाटे मुलगी ट्रे घेऊन ओरडत आली, “झाली! झाली!” आम्ही तिघंही टाळ्या वाजवत होतो. खालच्या मजल्यावरच्या गोऱ्या आजोबांनी दुसऱ्या दिवशी अभिनंदन केलं. त्यांना वाटलं, भारताने मॅच जिंकली.

फोनवर आईने उपाय सुचवलेच. घरातली उरलेली ॲमॉक्सिसिलिन अर्धी करून दे, हा पहिला. माणसाला चालणारी ही गोळी चिंचिलाच्या पोटात गेली तर अन्न पचवणारे जंतूच मरतात आणि मागोमाग तोही जाऊ शकतो, हे सांगितल्यावर ती हादरली. दुसरा उपाय दृष्ट काढायचा. मिरच्यांचा धूर नको, या अटीवर तो मंजूर झाला. मीठ-मोहऱ्या ओवाळून बाहेर टाकल्या, तात्यांनी एक मोहरी हुंगली. यात अपाय काही नव्हता.

दवाखान्यातून येताना बाईंनी एक नाजूक काम शिकवलं. नर चिंचिलाच्या त्या जागी केसांचं कडं अडकून रक्तपुरवठा बंद होऊ शकतो, तेव्हा अधूनमधून तपासायचं. “हे खातं तुझं,” बायकोने घरी येताच जाहीर केलं. तपासणीनंतर तात्या आणि मी थोडा वेळ एकमेकांकडे बघत नाही.

परवा नागपूरहून भाच्याचा निरोप आला : “मामा, इथेही मिळतो म्हणे चिंचिला. घेऊ का?” त्याला लिहिलं ते इथेही लिहितो. मे महिन्यातलं नागपूर ४५च्या पुढे जातं, वीज जाते, इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, आणि हा प्राणी नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. माझं मत विचाराल तर घेऊ नका. तरीही घ्यायचाच असेल, तर आधी चिंचिलाच्या दाढा तपासता येणारा डॉक्टर शोधा. मग वीज गेली तरी चालेल अशा एसीची सोय करा, वजनकाटा आणा, पिंजरा आणा. चिंचिला सगळ्यांत शेवटी.