बारनिशीचे अण्णा

आंबिवली स्थानकात कोणत्या डब्यातून उतरले असता पुलाचा जिना नेमका समोर येतो आणि उल्हास नदीचे पाणी कितपत गढूळ झाले म्हणजे शाळेला सुट्टी मिळण्याचा संभव निर्माण होतो, या दोन गोष्टी मोहन्याच्या माणसाला जशा कोणी न शिकवता समजतात, तसेच आमच्या अण्णांकडे कामाचा विषय तोंडी काढावयाचा नसतो हेही येथे कोणाला सांगावे लागत नाही. तोंडी बोलण्याविषयी अण्णांची हरकत मुळीच नाही. क्रिकेट, गुडघेदुखी, भाजीचे भाव आणि कसारा लोकलचा उशीर या विषयांवर ते सकाळभर बोलतील, आणि समोरचा थकला तरी थकणार नाहीत. परंतु ज्यातून पुढे काही कार्यवाही निष्पन्न व्हावयाची आहे असा एक शब्दही त्यांनी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ई-मेलखेरीज दुसऱ्या वाटेने जाऊ दिलेला नाही.

इंटरनेटवर न जाता इंटरनेट वापरणारी अशी माणसे तुरळक असली तरी सर्वत्र आहेत. त्यांना ई-मेल येतो आणि ई-मेलच येतो. बाकीचे जग ज्या विस्तीर्ण बाजारपेठेत दिवसभर हिंडते, धक्के खाते, खिसे कापून घेते आणि काय घ्यायला आलो होतो हे विसरून रिकाम्या हाताने परतते, त्या बाजारपेठेत ही मंडळी पाऊल टाकीत नाहीत. ती घरी बसून यादी लिहितात व माल दारात मागवतात. अण्णा या पंथातले जुने आणि कर्मठ अनुयायी होत.

त्यांच्या कर्मठपणाचे मूळ त्यांच्या नोकरीत आहे. मोहन्याच्या ज्या रेयॉन कारखान्याला सारा गाव एनआरसी म्हणून ओळखतो, त्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनमध्ये अण्णा आवक-जावक विभागात कारकून होते. जुन्या दफ्तरी भाषेत या खात्याला बारनिशी म्हणत, आणि अण्णांना तोच शब्द अधिक भारदस्त वाटत असल्यामुळे गावानेही त्यांना बारनिशीचे अण्णा करून टाकले. कागद आला की त्यावर आवक क्रमांक, गेला की जावक क्रमांक, आणि ज्याला क्रमांक नाही तो कागद जन्मालाच आलेला नाही, हे त्यांचे सृष्टिविषयक तत्त्वज्ञान होते. कारखाना २००९ साली बंद पडला, भोंगा मुका झाला, पाळ्या संपल्या. तत्त्वज्ञान मात्र सेवानिवृत्त झाले नाही. आजही अण्णा सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री अकरा या पाळीच्या वेळांनाच ई-मेल उघडतात, त्याच्या अध्येमध्ये ब्रह्मदेवाने पाठवला तरी उघडत नाहीत, आणि प्रत्येक पत्राची नोंद लांबट आकाराच्या एका नोंदवहीत शाईने करतात.

या छंदाचा आरंभ कल्याणच्या टिळक चौकातील एका कर सल्लागाराच्या कचेरीत झाला. तेथे अण्णा संध्याकाळी खतावण्या लिहायला जात. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले खरे, परंतु वैयक्तिक खात्याची वर्गणीच पाच हजारांच्या घरात, आणि वेग सेकंदाला ९,६०० बिट, म्हणजे बाराशे अक्षरांचा. त्या कचेरीने म्हणून केवळ ई-मेलपुरते स्वस्त खाते घेतले होते. कल्याणचा क्रमांक ०२५१ आणि मुंबईचा ०२२ असल्यामुळे मोडेमने मुंबईला लावलेला प्रत्येक फोन एसटीडीच्या दराने मोजला जाई. रात्री अकरानंतर तो दर पाव होई, आणि अकरा ही तिसऱ्या पाळीची वेळ असल्यामुळे या योगायोगात अण्णांना ईश्वरी संकेत दिसला. दिवसभर मसुदे तयार करून ठेवावेत, अकराच्या ठोक्याला फोन जोडून सारी जावक एका मिनिटात बाहेर काढावी, आवक तितक्याच त्वरेने आत घ्यावी, फोन तोडावा, आणि मग दिव्याखाली निवांत वाचीत बसावे: ई-मेलची सारी काटकसर या व्यवस्थेत होती, कारण वाचताना आणि लिहिताना तार जोडून ठेवावी लागत नसे. शेवटची कसारा लोकल गाठून अण्णा आंबिवलीला उतरत, तेव्हा त्यांच्या खिशात फ्लॉपी असे आणि चेहऱ्यावर मेलगाडी वेळेवर सोडणाऱ्या स्टेशनमास्तराचे समाधान.

त्याच सुमारास त्यांच्या हाती तो ग्रंथ पडला. बॉब रँकिन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 'डॉक्टर बॉब' या टोपणनावाने एक मार्गदर्शिका सिद्ध केली होती. केवळ ई-मेलद्वारे अवघे इंटरनेट कसे वापरावे हा तिचा विषय, आणि तीसुद्धा एमआयटीच्या एका यंत्राला ई-मेल पाठवूनच मागवावयाची. त्या काळी जगात ठिकठिकाणी अशी यंत्रे पत्रांची वाट पाहत बसलेली होती. माँट्रिआलच्या मॅकगिल विद्यापीठात जन्मलेल्या 'आर्ची'ला पत्र टाकावे, तो अमुक फाइल कोणत्या संगणकावर आहे ते कळवी. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या 'एफटीपीमेल'ला लिहावे, ते ती फाइल उचलून तुकड्यातुकड्यांनी पाठवी. 'अगोरा'ला वेब पानाचा पत्ता कळवावा, ते पान अक्षररूपाने परत येई. इटलीतील त्रिएस्ते येथे अब्दुस सलाम यांनी स्थापन केलेल्या भौतिकशास्त्र केंद्रात पुढे 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-फोर-मेल' निघाले, ते तर मुद्दाम ज्या देशांत तारा बारीक आणि दर जाड अशा देशांतील शास्त्रज्ञांसाठी. अण्णा शास्त्रज्ञ नव्हते. परंतु तारेची बारीकी आणि दराची जाडी या दोन्ही निकषांवर ते निःसंशय पात्र ठरत होते.

अडचण एकच आली, आणि ती शिष्टाचाराची. ही यंत्रे पत्रातील प्रत्येक ओळ आज्ञा समजून वाचीत. अण्णांनी पहिल्या पत्राची सुरुवात अर्थातच 'रिस्पेक्टेड सर' अशी केली, खाली विषय लिहिला, संदर्भ दिला, प्रकृतिस्वास्थ्याची आशा व्यक्त केली, मग विनंती मांडली, आणि शेवटी आपला आज्ञाधारक सेवक म्हणून सही केली. उत्तर आले ते असे की 'रिस्पेक्टेड' नावाची आज्ञा आमच्याकडे नाही, 'सब्जेक्ट' नावाची नाही, 'होपिंग' नावाची नाही, आणि सहीतला 'युवर्स' हाही आम्हास अपरिचित आहे. सहीवर यंत्राने अडखळू नये यासाठी मजकुराच्या शेवटी 'क्विट' असे लिहावे, असा डॉक्टर बॉबचा उपदेश होता. अण्णांना तो मानवेना. ज्याच्याकडे आपण याचना करतो त्यालाच शेवटी 'चालता हो' म्हणावयाचे, हे बारनिशीत बसणारे नव्हते. अखेर त्यांनी तडजोड काढली: वर आज्ञा, मग क्विट, आणि क्विटच्या खाली, जेथे यंत्राची दृष्टी पोहोचत नाही अशा जागी, साऱ्या नमस्कार-चमत्कारांसह पूर्ण पत्र.

एकदा त्यांनी हबल दुर्बिणीने टिपलेले शनीचे चित्र मागवले. ई-मेलमधून त्या काळी साधी अक्षरेच सुखरूप जात असल्यामुळे चित्राचे आधी 'यूयूएनकोड' पद्धतीने अक्षरांत रूपांतर करीत. तीन बाइटांची चार अक्षरे होत, म्हणजे माल तिसऱ्या हिश्श्याने फुगे, आणि प्रत्येक पूर्ण ओळीच्या आरंभी तिची लांबी दाखवणारे जे अक्षर येई ते रोमन 'एम' असे. शेकडो ओळी, आणि सगळ्या 'एम'ने सुरू होणाऱ्या! हे एम म्हणजे मोहने, अमेरिकेने प्रत्येक ओळीवर गावाचे नाव घालून माल रवाना केला आहे, अशी अण्णांची समजूत झाली, आणि तिच्या भरात त्यांनी कर सल्लागारांना पेढे दिले. चित्राचे सतरा तुकडे यावयाचे होते. सोळा आले, अकरावा आला नाही, आणि एका तुकड्यावाचून शनी उघडेना. लोकांच्या मागे शनी लागतो. अण्णा शनीच्या मागे लागले. त्यांनी त्या यंत्राला एकूण नऊ स्मरणपत्रे धाडली. नोंदवहीत त्या बाबीपुढे 'तुकडा क्र. ११ अप्राप्त' हा शेरा आजही आहे, आणि प्रकरण, अण्णांच्या मते, बंद झालेले नाही.

कालांतराने वेग वाढला, दर उतरले आणि ही परोपकारी यंत्रे एकामागून एक मिटली. दुसरा कोणी असता तर त्याने निमूटपणे ब्राउझर उघडला असता. अण्णांनी यंत्राच्या जागी माणूस नेमला, आणि तो माणूस मी. आम्ही एकाच इमारतीत राहतो, ते तळमजल्यावर आणि मी तिसऱ्या मजल्यावर. जिन्यात भेटले की "काय रे, चहा टाकतोस का?" असे म्हणणारे अण्णा ई-मेलमध्ये मात्र मला 'श्री. अमुक अमुक यांसी, स.न.वि.वि.' असे संबोधून 'आपणांस कळविण्यात येते की' अशी सुरुवात करतात. टिटवाळ्याला अंगारकीच्या दिवशी जादा गाड्या आहेत काय, मालमत्ता कराच्या देयकाची मुदत कोणती, अमुक औषधाचे दुष्परिणाम कोणते, असे एक-एक विषय येतात. मी ते ते संकेतस्थळ उघडायचे, मजकूर नकलून घ्यायचा आणि पाठवायचा. चित्र चालत नाही. "चित्रात मजकूर दिसतो, पण तो मजकूर नव्हे," असे त्यांचे म्हणणे, आणि पडद्याचा फोटो काढून धाडणाऱ्या आळशी पिढीचा मी प्रतिनिधी असल्यामुळे मला त्यावर उत्तर सुचत नाही.

मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन हेही बहुतेक वेळा वेब पाने स्वतः जाऊन पाहत नाहीत, एका संगणकाला ई-मेल धाडतात आणि तो पान आणून ई-मेलने परत पाठवतो, ही हकीकत मी एकदा मोठ्या उत्साहाने अण्णांना सांगितली. अण्णांनी ती शांतपणे ऐकली आणि विचारले, "पोच देतात का ते?"

पोच हा त्यांच्या धर्माचा गाभा आहे. व्हॉट्सॅपच्या निळ्या खुणा त्यांना दाखवून झाल्या, "पाहिले याला पोच म्हणत नाहीत, आणि विषय कुठे लिहायचा यात?" एवढे म्हणून त्यांनी फोन परत केला. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा त्यांच्या मते संसदेने केवळ बारनिशीसाठी केलेला कायदा आहे. त्याचे कलम १२ पोच देण्याविषयी आणि कलम १३ रवानगीची वेळ व स्थळ यांविषयी आहे, हे त्यांच्याइतक्या भक्तिभावाने जाणणारा वकीलही कल्याण न्यायालयात सापडणार नाही. पत्र ज्याच्या धंद्याच्या ठिकाणाहून निघाले तेथूनच रवाना झाले असे समजावे, आणि धंद्याचे ठिकाण नसल्यास नेहमीच्या राहण्याचे ठिकाण धरावे, असे त्या कलमात असल्यामुळे मुलीकडे नागपूरला गेले असतानाही अण्णांची जावक कायद्याने मोहन्याहूनच होते, आणि तशी टीप ते खाली घालतात. प्रत पाठवायची झाली तर 'प्रत माहितीसाठी सविनय सादर' असे लिहिल्यावाचून ते कोणाचा पत्ता घालीत नाहीत. 'बीसीसी' म्हणजे गुप्त प्रत हा प्रकार मात्र त्यांना चहाडीचा वाटतो.

आधुनिक काळाने त्यांना दोनच शत्रू दिले. पहिला ओटीपी. तो दहा मिनिटांत मरतो आणि अण्णा आठ तासांनी उघडतात, त्यामुळे त्यांना आजवर जिवंत ओटीपी भेटलेला नाही. प्रत्येकाची नोंद होते, पुढे 'मुदतबाह्य' असा शेरा पडतो, आणि पाठवणाऱ्यास पुढील ओटीपी किमान तीन दिवसांच्या मुदतीचा देण्याची तजवीज व्हावी असे पत्र जाते. ते पत्र जाते दुसऱ्या शत्रूकडे, म्हणजे 'नो-रिप्लाय' या पत्त्याकडे. या इसमाने जगातील इतक्या बँका, विमा कंपन्या आणि वीज मंडळे यांत एकाच वेळी नोकरी धरावी आणि एकाही पत्राला उत्तर देऊ नये, याचा अण्णांना विस्मय वाटतो. परंतु त्याच्याविषयी राग नाही. "काम फार असेल त्याला," असे ते म्हणतात, आणि दिवाळीत त्यालाही शुभेच्छापत्र पाठवतात.

मी या साऱ्याला पुष्कळदा हसलो आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर चिडलोही आहे. एका माणसाने बाजारात न जाण्याचे व्रत पाळावे यासाठी दुसऱ्याने रोज त्याची पिशवी घेऊन जावे, हा न्याय मला पटलेला नाही. तरीही रात्री एका औषधाची माहिती पाहायला म्हणून बसलेला मी तासाभराने कोणत्या तरी अनोळखी माणसाच्या लग्नाची चित्रफीत पाहत असतो, आणि खाली अण्णांच्या खिडकीतला दिवा अकरा वाजून दहा मिनिटांनी विझलेला असतो, हेही मला दिसते.

गेल्या श्रावणात आमच्या मजल्यावरचे नेट चार दिवस बंद होते. मी तापाने पडून होतो, आणि फोनही कुठे चार्ज केला नव्हता. पोच न आल्यास सातव्या दिवशी स्मरणपत्र क्रमांक एक, असा बारनिशीचा शिरस्ता; अण्णांनी तो माझ्या बाबतीत तोवर कधी मोडलेला नव्हता. पाचव्या दिवशी सकाळी दार वाजले. धापा टाकीत, एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने कागद धरून अण्णा उभे होते. त्या गुडघ्यांनी ते तीन मजले चढून आले होते. कागद फुलस्केप होता, विषय 'पोच न मिळाल्याबाबत', संदर्भात माझ्याकडे पडून राहिलेली चार पत्रे तारखांसह. त्यांनी एकवार मला आपादमस्तक पाहिले, खोलीत पाहिले, पाण्याच्या तांब्याकडे पाहिले, आणि म्हणाले, "सही कर. तारीख घाल, वेळही घाल."

मी सही केली. त्यांनी पोच खिशात घातली आणि खिचडी पाठवतो असे, चक्क तोंडी, सांगून ते जिना उतरले. नंतर कागद नीट पाहिला तेव्हा ध्यानात आले की त्यावर जावक क्रमांक घालायचा राहून गेला आहे.