पत्र्याचा डबा

वीज गेली आणि आली. सोसायटीतले पंखे फिरू लागले, पाण्याची मोटर ओरडू लागली, शेजारच्या टीव्हीतली सासू सुनेवर पुन्हा डाफरू लागली. उठला नाही तो फक्त आमचा कॉम्प्युटर.

बटण दाबलं की आतला पंखा जेमतेम अर्धी गिरकी घ्यायचा आणि थांबायचा. पाहुण्याला दारापर्यंत सोडायला उठल्यासारखं करून परत बसणारे यजमान असतात ना, तसा.

आपल्याकडे माणूस आजारी पडला की निदान करायला जेवढे लोक जमतात, त्याहून जास्त कॉम्प्युटर बंद पडल्यावर जमतात. मेहुणा आयटीत आहे. त्याने फोनवरच सांगितलं, "फॉरमॅट मार." जे यंत्र चालूच होत नाही ते फॉरमॅट कसं मारायचं, असं विचारल्यावर तो म्हणाला, "मग चालू झाल्यावर मार." खालच्या मजल्यावरचे काका वीज मंडळातून निवृत्त झालेत. त्यांच्या मते हे अर्थिंग आहे. काकांच्या मते गीझर, लिफ्ट आणि सोसायटीच्या सेक्रेटरीचा स्वभाव हेसुद्धा अर्थिंगच आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पोराने कॅबिनेट न उघडताच "मदरबोर्ड गेला" असं जाहीर केलं आणि नव्या मशीनचं कोटेशन लिहायला घेतलं.

मागच्या कोपऱ्यात चार स्क्रूंनी आवळलेल्या पत्र्याच्या डब्याचं नाव मात्र कुणीही घेतलं नाही. एसएमपीएसचं, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या या डब्याचं, दुर्दैव हेच. प्रोसेसर कुठला, रॅम किती, हे लोक अभिमानाने सांगतात. "आमचा एसएमपीएस फार छान आहे हो" असं म्हणणारा गृहस्थ मला अजून भेटायचाय. वास्तविक सगळ्या घराला जेवायला घालणारा तोच. भिंतीतली २३० व्होल्टची एसी घेऊन तो आधी तिची सुमारे ३२५ व्होल्टची डीसी करतो, मग सेकंदाला हजारो वेळा तिचे तुकडे करतो आणि शेवटी बारा, पाच आणि ३.३ असे बेताचे व्होल्ट सगळ्यांना वाढतो. तुकडे इतक्या झपाट्याने पडतात म्हणूनच त्याचा ट्रान्सफॉर्मर काड्यापेटीएवढा पुरतो. जुन्या पद्धतीने एवढीच वीज द्यायची तर वरवंट्याच्या वजनाचा लागला असता.

१९७७च्या ॲपल टूमध्ये रॉड होल्ट नावाच्या इंजिनिअरने असा पुरवठा बसवला. आज सगळे कॉम्प्युटर रॉडचीच नक्कल करतात, असं स्टीव्ह जॉब्ज आपल्या चरित्रकाराला सांगून गेले. तशी ही पद्धत त्याआधीपासून वापरात होतीच. पण या डब्याबद्दल कुणीतरी मोठा माणूस एवढ्या प्रेमाने बोलला, याचंच मला बरं वाटलं.

काकांना मी डबा बाहेर काढून दाखवला. त्याची परीक्षा सोपी असते. मदरबोर्डला जाणाऱ्या जाड जुडग्यात एकच हिरवी वायर असते. ती कुठल्याही काळ्या वायरीला टेकवली की डब्याला वाटतं, मालकाने बटण दाबलं. त्यासाठी कपाटातली यू-पिन पुरते. काकांनी खबरदारी म्हणून देवघरातला लाकडी पाट आणवला, त्यावर उभे राहिले आणि मला म्हणाले, "हं, लाव आता." पंख्याने तीच अर्धी गिरकी घेतली. मग जांभळ्या वायरीला मीटर लावला. डब्याला नुसती वीज असली, तरी बटण न दाबताही या वायरीवर पाच व्होल्ट हवेत. पावएक व्होल्ट कमीजास्त चालतो. मीटर तीनच्या आसपास घुटमळत होता. काका पाटावरून उतरले आणि म्हणाले, "बघ, अर्थिंग."

तपकीर गल्लीत या डब्यांचे जाणकार बसतात. पुण्यात बुधवार पेठेतल्या या गल्लीत मिळत नाही असा इलेक्ट्रॉनिक भाग नाही आणि गाडी लावायला जागाही नाही. एका जिन्याखालच्या दुकानातल्या गृहस्थाने डबा हातात घेतला, दोनदा वर-खाली जोखला आणि म्हणाला, "हलका आहे, काका." मी त्याचा काका लागतो असं वयाच्या कुठल्याच हिशेबाने निघत नव्हतं, पण मी गप्प बसलो. डब्यावर ४५० वॅट छापलेलं दाखवल्यावर तो हसला. "ते स्टिकरचे वॅट."

झाकण निघालं. आत धुळीची गोधडी, दोन वाळलेली झुरळं आणि जळक्या सरसासारखा वास. त्याने सगळ्यात आधी जुन्या साठच्या बल्बच्या दोन वायरी दोन मोठ्या कपॅसिटरांच्या पायांना लावल्या. बल्ब क्षणभर लखकन पेटला. तपासायला लावलेला प्लग त्याने नुकताच काढला होता, तरीही! साठलेली वीज अशी उतरवल्याशिवाय तो आत बोट घालत नाही.

मग त्याने ड्रॉवरमधून गुलाबी रंगाचा हेअर ड्रायर काढला. आधी मला वाटलं, धूळ उडवणार. पण तो मिनिटभर एकाच कोपऱ्यावर गरम हवा सोडत राहिला, मग प्लग लावून हिरव्या-काळ्याची गाठ घातली आणि पंखा फिरू लागला! "गार झाला की परत मरेल," तो शांतपणे म्हणाला.

ही गंमत त्या कोपऱ्यातल्या कपॅसिटरच्या पोटातल्या द्रवाची आहे. तो वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आटतो. उरलेला ऊब मिळाली की जरा बरं काम करतो, थंडीत आखडतो. म्हणूनच यंत्र सतत चालू होतं तोवर चाललं आणि वीज जाऊन ते गार पडल्याबरोबर उठेना. दर दहा अंश उष्णता वाढली की या नळकांड्याचं आयुष्य निम्मं होतं, आणि कारखानदाराने नेमका हाच कपॅसिटर तापणाऱ्या पट्टीला चिकटवून उभा केला होता. आकार तुरीच्या शेंगेच्या टोकाएवढा. १० मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट. डोकं फुगलेलं नाही, डाग नाही, चेहऱ्यावर पापाचा लवलेश नाही. शेजारचे दोन थोराड कपॅसिटर मात्र उगीचच संशयितासारखे दिसत होते.

नवा बसवला. तरी डबा थेट विजेला लावला नाही. आधी तोच बल्ब सिरीजमध्ये. बल्ब लखलखून विझत गेला तर डबा शहाणा, पेटताच राहिला तर आत शॉर्ट. आमचा विझला. जांभळ्या वायरीवर ५.०४. कपॅसिटरची किंमत त्या गल्लीतल्या चहाहून कमी होती, आणि नव्या मशीनचं कोटेशन अजून माझ्या खिशात होतं.

निघताना मी फळीवरचे काळे पडलेले डबे पाहिले. यांना काय झालं? त्याने एकाच्या पाठीवरचा लहानसा लाल स्विच दाखवला, २३० आणि ११५ असा. हा ११५ वर सरकवून आपली वीज दिली की आत ३२५च्या जागी साडेसहाशे व्होल्ट तयार होतात आणि मोठे कपॅसिटर फुटतात. "घरातली पोरं करतात," तो म्हणाला. "दिवाळीच्या सुट्टीत जास्त येतात."

नव्या डब्यांना हा स्विच बहुधा नसतो, ते आपलं आपण ओळखतात. पण तुमचं कॅबिनेट जुनं असेल, तर आज मागे वाकून पाहा. २३० दिसत असेल तर त्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावून टाका. आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन हिंडणारे काका खालच्या मजल्यावर असतील, तर त्यांना खुशाल पाटावर उभं करा, पण डबा उघडू देऊ नका. प्लग काढल्यावरही ते दोन मोठे कपॅसिटर काही वेळ भरलेलेच असतात.