आठ माणसांचं पाणी

पाण्याच्या प्रश्नावर आमच्या कॉलनीत माझा शब्द अखेरचा असतो. मी बोलायचा थांबेपर्यंत बाकीचे निघून गेलेले असतात, त्यामुळे तो आपोआपच अखेरचा ठरतो. सकाळी नळाला पाणी उशिरा आलं की लोक चावीवाल्याच्या नावानं बोटं मोडतात. मी त्यांना मुंबईचा पाणीपुरवठा समजावून सांगतो. विहार तलाव १८६० सालचा, तानसा १८९२ सालचा, असे एकूण सात तलाव. आणि लांबून येणारं बरंचसं पाणी निव्वळ उताराच्या जोरावर शहरात पोचतं. लोक रिकाम्या बादल्या धरून ऐकतात. पाणी आलं की पळतात.

एवढा अधिकार असल्यावर नळपट्टी भरणं, पावत्या फायलीला लावणं, गळक्या तोटीचं वॉशर बदलून घेणं असली किरकोळ कामं माझ्याकडे असायचं कारण नव्हतं. ती बायको बघायची. जानेवारीअखेर ती मुलीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेली आणि जाताना एक जाडजूड वही माझ्या हातात देऊन गेली.

"यात सगळं लिहिलंय. बाकी राहू द्या, निदान नळाचं पान तरी वाचा."

मी वही फ्रिजवर ठेवली. पेशव्यांच्या काळात कात्रजचं पाणी शनिवारवाड्यापर्यंत कसं आणलं, हे ज्याला तोंडपाठ आहे, त्यानं परसातल्या नळाबद्दल वहीत काय वाचायचं?

शिवाय मला वेळ नव्हता. मागच्या अंगणातल्या केळीला घड सुटला होता आणि तिच्याकडे शास्त्रीय दृष्टीनं बघणारं आजवर घरात कुणी नव्हतं. बायको तिला तांदूळ धुतलेलं पाणी बादलीनं नेऊन घालायची. हाताशी नळ असताना बादल्या कसल्या वाहायच्या? मोरीच्या मागे शोधल्यावर मला परसातल्या लायनीचा कॉक सापडला. तो कुणीतरी घट्ट बंद करून वर लाल चिंधी बांधून ठेवली होती. चिंधी बघून मला एकूण समाजाच्या अज्ञानाची कीव आली. मी ती सोडली, कॉक उघडला, परसातल्या नळानं केळीला भरपूर पाणी दिलं आणि तोटी नीट बंद केली. पाण्याच्या बाबतीत मी काटेकोर आहे.

थोड्याच दिवसांत केळ ओळखू येईना. पानं अशी रुंद, की एकेका पानावर दोघांनी जेवावं. घड भरू लागला. बुंध्याशी नवी पिल्लं फुटली. मी मधूनच दोन मुठी गांडूळखत घातलं होतं, त्याचं श्रेय मी कुंपणाशी येणाऱ्या प्रत्येकाला सविस्तर सांगितलं. "पण आजूबाजूची जमीनही ओली दिसतेय," शेजारचे अण्णा म्हणाले. गांडुळांमुळे माती ओलावा धरून ठेवते, हे मला त्यांना पहिल्यापासून शिकवावं लागलं.

मार्चमध्ये गच्चीवरची हजार लिटरची टाकी संध्याकाळी तळ दाखवू लागली. पहाटे काठोकाठ भरलेली टाकी, घरात माणूस एक.

"कुठं गळत तर नाही ना?" अण्णांनी विचारलं.

"बाष्पीभवन," मी म्हणालो.

"पण टाकीला झाकण आहे की."

"म्हणूनच तर! आत उष्णता कोंडते."

अण्णा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. विज्ञानाचा सामान्य माणसावर असा परिणाम होतो.

त्यानंतर तो फोन आला. 'बिल न भरल्यामुळे आज रात्री तुमचं कनेक्शन तोडण्यात येईल, त्वरित या क्रमांकावर संपर्क साधा' असले भामट्यांचे मेसेज मला पाठ झाले होते आणि मी एखाद्या भामट्याची वाटच बघत होतो.

"काका, पाणीपुरवठ्याकडून बोलतोय. तुमच्या मीटरचं रीडिंग फार जास्त आलंय. लिकेज आहे का ते जरा बघता का?"

"आणि मग ओटीपी सांगू?"

"ओटीपी नको काका. फक्त मीटर बघा."

"मीटर कुठंय ते तूच सांग. तुला सगळंच माहीत दिसतंय."

"जिन्याखालच्या खड्ड्यात आहे. वर फरशी टाकलीय."

मी हादरलो. माझ्या घरातलं जे मला माहीत नाही ते या टोळीला माहीत होतं. मी त्याला कायदा, नीतिमत्ता आणि त्याच्या आईवडिलांचे कष्ट यांवर चार शब्द ऐकवले आणि नंबर ब्लॉक केला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फिरण्याच्या कट्ट्यावर हा किस्सा सांगितला तेव्हा टाळ्या पडल्या. 'ओटीपी कुणालाही सांगू नये' या विषयावर मी तिथल्या तिथे छोटंसं भाषणही केलं.

मे महिन्यात बिल आलं. फेब्रुवारी ते एप्रिल, वापर ९६ युनिट. एक युनिट म्हणजे एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर. मी कागद-पेन घेतलं. शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष माणशी रोज १३५ लिटर. नव्वद दिवसांचं एका माणसाचं पाणी झालं १२,१५० लिटर, म्हणजे सव्वाबारा युनिटसुद्धा नाही. आणि बिलात ९६,००० लिटर! दहा हजार लिटरचे जवळजवळ दहा टँकर. भागाकार केला तर एका माणसाच्या नावावर आठ माणसांचं पाणी. त्यातून दर टप्प्याटप्प्यानं चढणारा, त्यामुळे वापर आठपट असला तरी रक्कम त्याच्याही पुढे गेलेली.

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, तसं नळाचं पाणी पिऊन पाणीपुरवठा विभागाशीही करू नये. म्हणून शहराचं नाव सांगत नाही. पण त्या दिवशी मी वैराच्याच तयारीनं निघालो. सोबत हिशेबाचा कागद होता, आणि प्रकरण समजुतीनं मिटलं तर असू द्यावी म्हणून घरच्या केळ्यांची एक फणी.

खिडकीतल्या बाईंनी ग्राहक क्रमांक टाकला. "काका, आमचा माणूस तुम्हाला फोन करत होता. लागतच नाही."

माझ्या पाठीमागे रांग होती आणि रांगेत आमच्या कट्ट्यावरचे दोन चेहरे होते. "तो नंबर बंद झालाय," मी घाईघाईनं म्हणालो आणि मुद्द्यावर आलो. "मॅडम, नळ अखंड वाहत नसला की पाइपात हवा भरते. पाणी सोडलं की आधी ती हवा बाहेर पडते आणि मीटर फिरवते. तुम्ही मला हवेचं बिल लावलंय."

"थोडं फिरतं काका, खरंय. पण हवा आठ माणसांच्या अंघोळी करते का?"

"पेशव्यांच्या नळाला हवेसाठी जागोजागी उच्छ्वास ठेवलेले होते. तुम्ही काय ठेवलंय?"

रांगेतून दोन-तीन उच्छ्वास ऐकू आले.

"पहाटे पाणी आल्यावर टाकी पूर्ण भरू द्यायची," बाई शांतपणे म्हणाल्या, "मग घरातले सगळे नळ बंद करून मीटर बघायचं. तरीही फिरत असेल तर गळती. हे करून बघितलंत?"

"अर्थात."

"मग लाल काटा फिरत होता?"

"कोणत्या दिशेनं म्हणताय?" मी सावधपणे विचारलं.

बाईंनी चष्मा काढून पुसला. वातावरण निवळावं म्हणून मी फणी पुढे केली. "इथं काही घेत नाही आम्ही," त्या म्हणाल्या, पण नजर फणीवरून हलेना. "घरची? भर उन्हाळ्यात एवढी भरलेली?"

अखेर जाणकार भेटला! मी गांडूळखताचं प्रमाण सांगू लागलो.

"आणि पाणी किती घालता?"

"आठवड्यातून एकदा. उगाच जास्त नाही."

"पाइप कुठून जातो?"

"केळीच्या बुंध्याजवळून. जमिनीतून."

"लोखंडी?"

"जुना आहे. चांगला जाड."

बाईंनी बिलाकडे बघितलं. मग केळ्यांकडे. मग पुन्हा बिलाकडे. रांगेतले पहिले चार जणही पुढे वाकून तेच करू लागले. कुणीतरी हसलं. मला अजून विनोद कळला नव्हता, पण वेगळं दिसू नये म्हणून मीही हसलो.

"काका, ही केळी विकत नाही ना?" बाईंनी विचारलं. "नाही, विकत असाल तर बिल व्यावसायिक दरानं काढावं लागेल."

घरी येऊन फ्रिजवरची वही काढली. नळाचं पान पहिलंच होतं. 'परसातल्या लायनीचा पाइप सडला आहे. कॉक उघडू नये. ओळखू यावा म्हणून लाल चिंधी बांधली आहे. चिंधी सोडू नये.' खाली कंसात: 'हे यांना तोंडीही सांगितले आहे.'

प्लंबरनं केळीच्या बुंध्याशी हातभर खणलं आणि खड्ड्यातलं पाणी पत्र्याच्या डब्यानं उपसत पाइप मोकळा केला. पाइपला बोट जाईल एवढं भोक. "काका, एवढ्या पाण्यात ऊस निघाला असता," तो म्हणाला. कुंपणाशी अण्णा उभे होते. त्यांनी बाष्पीभवनाचा विषय काढला नाही. ते सज्जन आहेत. पण रात्री नागपूरहून फोन आला तेव्हा बायकोला खड्ड्याची खोलीसुद्धा ठाऊक होती. "आत्तापर्यंत कुणाकुणाला केळी वाटलीत?" तिनं विचारलं. मी कौतुकानं यादी सांगितली. "मग आता त्यांच्याकडून वर्गणी काढा."

दुसऱ्या दिवशी बिल भरायला गेलो. सवलत मिळते का, असं आडून विचारून पाहिलं. मीटरच्या अलीकडची गळती आमची, पलीकडची तुमची, असा नियम बाईंनी सांगितला. मी बाजू बदलून बघितलं. कोणत्याही बाजूनं केळ पलीकडेच येत होती. पैसे भरले. पावती घेऊन वळणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "थांबा काका, तुमचा जुना नंबर बंद झालाय ना? नवा द्या, नोंदवून टाकते. पुन्हा रीडिंग जास्त आलं तर कळवता येईल."

जुना नंबर खिशात व्यवस्थित चालू होता. पण कट्ट्यावरच्या त्या दोघांतले एक आज रांगेत बरोबर माझ्या मागे होते. मुकाट्यानं दुसऱ्या सिमचा नंबर सांगितला. खिशात फोन टुणकन वाजला.

"ओटीपी आला असेल बघा. तो सांगा."

मी मागे बघितलं. रांग अचानक शांत झाली होती. मी खिडकीच्या जाळीला तोंड लावलं, हाताचा आडोसा केला आणि एकेक आकडा अगदी हळू सांगितला.

"शेवटचा सहा की आठ?" बाईंनी विचारलं. "नीट ऐकू आलं नाही."

"आठ," मागून तिघे एकदम म्हणाले.