सेन्सरला लागली दृष्ट

‘फ्रंट रडार ब्लॉक्ड,’ गाडी म्हणाली. इंग्रजीत, बाईच्या आवाजात, जराही न चिडता. चंद्रपूर सोडून आम्ही मूलच्या रस्त्याला लागलो होतो, लोहारा मागे पडला होता आणि दोन्ही अंगांना साग-बांबू सुरू झाला होता. गडचिरोलीला साक्षगंध होतं. ८० किलोमीटरचा रस्ता, त्यात जंगल, अंधाराच्या आत पोचायचं होतं. स्टिअरिंगवर बसलेल्या शेजारच्या भाऊंनी गाडीतल्या बाईकडे अजिबात लक्ष दिलं नाही. ‘दसऱ्यापासून असंच बोलून रायली ते,’ एवढंच म्हणाले आणि फोनवर आलेला व्हिडिओ उघडला.

दसऱ्याला काय झालं ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण नारळ मी धरला होता. बावीस लाखांची गाडी शोरूममधून थेट महाकालीच्या दारात आली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आरशांना झेंडूच्या माळा, चार चाकांखाली चार लिंबं. लिंबं चिरडली, टाळ्या पडल्या. मग निघाला मुख्य ऐवज. एका तारेत ओवलेलं लिंबू, सात हिरव्या मिरच्या, बिब्बा आणि तळाला कोळशाचा तुकडा. (बाकी सगळा माल बाहेरचा, कोळसा तेवढा जिल्ह्याचा, म्हणून ऊर जरा भरून आला.) आता ही माळ बांधायची कुठे? पुढच्या जाळीत मधोमध तळहाताएवढी काळी, गुळगुळीत चकती होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना तार अडकवायला सुरेख खाचा. जणू कंपनीनं लिंबासाठीच जागा राखून ठेवली होती. भाऊंनी गाठ मारली. लिंबू चकतीच्या बरोबर मध्यावर बसलं. पाहणाऱ्यांपैकी एक जण म्हणाला, ‘वा! शोभून दिसते.’

त्या चकतीमागे गाडीचं रडार आहे. ७७ गिगाहर्ट्झच्या लहरी ते समोर सोडतं, त्या कशावर तरी आपटून परत आल्या की अंतराचा हिशेब करतं, आणि चालवणाऱ्याचं लक्ष नसेल तर आपणच ब्रेक दाबतं. ह्याच गुणासाठी भाऊंनी खालचं मॉडेल सोडून वरचं घेतलं, दीड लाख जास्त मोजून. आता त्या लहरी निघतात, दोन बोटांवर लिंबाला भेटतात आणि माघारी येतात. गाडीच्या लेखी जगात एकच वस्तू उरली आहे. मूलकडे जा, बल्लारपूरकडे जा, भद्रावतीकडे जा, पुढे लिंबूच. बिचारी पहिल्या दिवशी दर दहा मीटरला कचकचून ब्रेक मारायला निघाली होती म्हणे. मग तिनं स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा सोडला आणि ‘ब्लॉक्ड, ब्लॉक्ड’ असा जप धरला. ह्यात एक सूक्ष्म साप्ताहिक चक्रही आहे, ते मी तीन महिने निरखतोय. शुक्रवारपर्यंत लिंबू सुकतं, आक्रसतं, बाजूला कलतं, आणि गाडीला कडेकडेनं थोडं जग दिसू लागतं. शुक्रवारी ती एखाद्या ट्रकला ओळखतेसुद्धा. शनिवारी सकाळी सिग्नलवरचा पोरगा वीस रुपयांत नवं, रसरशीत लिंबू देतो आणि गाडी पुन्हा आंधळी होते. दीड लाखाचा डोळा आणि वीस रुपयांचा मोतीबिंदू, तोही दर आठवड्याला ताजा.

मी त्या गाडीची पुस्तिका वाचली. भाऊंनी कव्हरही फाडलं नव्हतं. चकतीवर चिखल, स्टिकर आणि बर्फ असू नये, असं तीत लिहिलं आहे. बर्फ! मे महिन्यात आमच्याकडे पारा ४६-४७ ला टेकतो, डांबरात चप्पल चिकटते, आणि आम्ही आपले फडकं घेऊन बंपरवरचा बर्फ झाडायचा. लिंबाचा उल्लेख मात्र कुठेच नाही. ज्या देशात गाडी विकायची, तिथल्या गाडीच्या नाकावर काय लोंबतं हे न बघता जे यंत्र बनवतात, त्यांच्या अकलेलाही एक माळ बांधायला हवी. तीच गत पट्ट्यांची. ही गाडी रस्त्यावरचे पांढरे पट्टे बघून सरळ चालते. आमच्या आतल्या रस्त्यांवर पट्टा दिसलाच तर तो कुणाच्या तरी फुटलेल्या चुन्याच्या पोत्याचा असतो, आणि तो थेट नाल्यात गेलेला असतो.

भाऊंना मी हे सगळं एकदा समजावून सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘रडार रस्त्यावर नजर ठेवते. लिंबू लोकांच्या नजरेपासून वाचवते. दोघांची खाती वेगळी आहेत जी.’ मी गप्प झालो. इतकं स्वच्छ खातेवाटप मी मंत्रिमंडळातही पाहिलेलं नाही. एकच प्रश्न मनात राहिला. एक नजर रडारची, दुसरी लोकांची, तर तिसरी, म्हणजे भाऊंची, कुठे असते? ती फोनवर असते. डोळा विकत घेतला, डोळ्याला पहारेकरी नेमला, आता स्वतः बघायचं कशाला?

(माझ्या स्कूटरला लिंबू नाही. बायकोनं बांधलेला काळा दोरा आहे. तो ह्यात धरू नये.)

तर व्हिडिओ. भाऊंनी तो मला मुद्दाम ऐकवला, कारण तो माझ्यासारख्यांच्या तोंडावर मारायला बनवलेला होता. ‘लिंबू-मिरचीमागचं विज्ञान.’ तुम्हालाही आला असेल, सगळ्यांनाच येतो. आपले पूर्वज बैलगाडीनं घनदाट जंगलातून जायचे, वाटेत तहान लागली तर लिंबू पाण्यात पिळायचे. साप चावला तर मिरची चावून बघायचे, तिखट लागली तर साप बिनविषारी, नाही लागली तर विषारी. म्हणून गाडीला लिंबू आणि मिरची. टाळ्या, शंख, पार्श्वसंगीत.

इथे मात्र माझं हसू आटलं. जंगल म्हणजे काय, हे ह्या व्हिडिओवाल्यानं पडद्यावरच पाहिलेलं दिसतं. आम्ही जंगलात राहतो. पावसाळ्यात मण्यार रात्री घरात येते, भुईवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, धड खूणही दिसत नाही, आणि पहाटे पापण्या जड व्हायला लागतात. तेव्हा मिरची चावून चव बघत बसायचं? नाग, मण्यार, घोणस, फुरसं, ह्या चारांवर एकच उपाय आहे, तो म्हणजे दवाखान्यातलं सर्पविषावरचं इंजेक्शन, आणि तेही वेळेत. ती वेळ गाठायला काय लागतं ते भामरागडकडच्या माणसाला विचारा. पर्लकोटा नदीला पूर आला, पूल पाण्याखाली गेला की पलीकडचं जग संपलं. खाटेला दोऱ्या बांधून त्यावर माणूस ठेवायचा, चौघांनी खांद्यावर घ्यायचा, नाला ओलांडायचा, चिखल तुडवायचा आणि फोनला रेंज यावी म्हणून एकानं टेकडी चढायची. त्या खाटेला रडार नसतं, लिंबू तर नसतंच, कारण तिच्याकडे बघून जळेल असा माणूस अजून जन्माला यायचाय. आणि इकडे वातानुकूलित गाडीत, चारही रेघा रेंज घेऊन, एक शिकलेला माणूस मिरची चाखून विष ओळखायचं शास्त्र पुढे ढकलतो, एकदम चार गटांवर! हा विनोद नाही. त्यातलं एखादं पोर उद्या हा प्रयोग खरोखर करून बघेल, आणि पाठवणाऱ्याला कुणी जाब विचारणार नाही. लिंबू बांधा, हवं तर टोपलीभर बांधा, पण त्याला विज्ञान म्हणू नका. त्याला भीती म्हणा. भीतीची लाज कशाला? जंगलातल्या माणसाला ती कधी वाटली नाही.

उलट त्यानं भीतीचाच देव केला. वाटेत वाघोबाची ठाणी लागतात, शेंदूर फासलेला दगड, कुठे मातीचे घोडे. ताडोबा हे नावच देवाचं. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला म्हणतात, त्याचा देव झाला, तलावाच्या काठी झाडाखाली त्याचं ठाणं आहे आणि पौषात त्याची जत्रा. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा त्याला ह्याच देवाचं नाव मिळालं. म्हणजे इथल्या माणसानं वाघासमोर मान झुकवली ती ‘तू आहेस, मला दिसतोस’ म्हणून. भाऊंच्या लिंबाचा रोख वेगळा आहे. ते वाघाला भीत नाहीत; २०२२ च्या गणनेत राज्यात ४४४ वाघ निघाले, त्यातले बरेच आमच्याच अंगणात, तरी नाही. ते समोरच्या घरातल्या काळेकाकूंना भितात. काळेकाकू खिडकीतून गाडीकडे बघतात म्हणे. जंगलाचा देव बघायला लावतो आणि गाडीचा देव दुसऱ्याचं बघणं बंद करतो, हे माझं खासगी मत, कुणाला पटलं नाही तर सोडून द्यावं. यंत्रांवरही माझा राग नाही. मोहर्लीजवळ सीतारामपेठेत गावाच्या कडेला कॅमेरे लावले आहेत, वाघ जवळ आला की लोकांच्या फोनवर इशारा येतो. हे कामाचं यंत्र. त्या कॅमेऱ्यावर कुणी लिंबू टांगल्याचं अजून तरी ऐकिवात नाही.

असो. केळझरच्या अलीकडे ऊन कलत आलं होतं. भाऊ व्हिडिओच्या दुसऱ्या भागावर होते (विषय: चपलेमागचं विज्ञान). गाडी जप करत होती. मी, खरं सांगतो, भाऊंच्याच फोनमध्ये वाकून बघत होतो. आणि मागच्या सीटवरून भाऊंच्या सासूबाई ओरडल्या, ‘जावईबापू, थांबवा जी! ढोरं!’

भाऊंनी ब्रेक दाबला. गाडी हातभर अंतरावर थांबली. पुढे गावाकडे परतणारा कळप, वीस-पंचवीस ढोरं, त्यामागे खांद्यावर काठी आडवी टाकलेला गुराखी. एका गाईनं मान वळवून आमच्याकडे पाहिलं, पुढे आली, शिंग खाली केलं, आणि माळेतली एक मिरची ओढून घेतली. चावली. तिला ती तिखट लागली असावी, कारण तिनं जोरात मान झटकली. त्या व्हिडिओच्या हिशेबानं आम्हा सगळ्यांच्या अंगात विष नव्हतं.

सासूबाईंचं मागच्याच महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, सरकारी शिबिरात, फुकट. बावीस लाखांच्या गाडीत चालू असलेले डोळे तेवढेच. त्यांना कुणी काही म्हणालं नाही. भाऊ खाली उतरले, लिंबाला हात लावून कपाळाला लावला आणि म्हणाले, ‘पायलं? वाचवलं यानंच.’ उरलेल्या सहा मिरच्या सरळ केल्या, लिंबू मघाशी जरा कललं होतं ते पुन्हा मध्यावर आणलं, आणि बसले. ‘फ्रंट रडार ब्लॉक्ड,’ गाडी म्हणाली.

गेल्या आठवड्यात भाऊंनी गाडी सर्व्हिसिंगला नेली. तिथल्या पोरानं माळ सोडली, चकती फडक्यानं पुसली, बाई बोलायची थांबली. बिलावर ‘सेन्सर सर्व्हिस’ म्हणून साडेआठशे रुपये लागले. पोरगा भला होता, म्हणाला, साहेब, पुढे बांधू नका, मागं बांधा. भाऊंना पटलं. त्यांनी मागच्या बंपरवर, मधोमध, जिथे चार छोटी गोल बटणं आहेत तिथे, माळ बांधली.

ती बटणं म्हणजे पार्किंगचे सेन्सर. आता भाऊ रोज सकाळी फाटकातून गाडी मागे घेतात आणि गल्लीभर टीं-टीं-टीं-टीं सुरू होतं. काळेकाकू खिडकीत येतात. भाऊ काच खाली करून मला सांगतात, ‘पाहा, मी म्हणत होतो ना, आपल्या मागं काहीतरी आहेच. बांधलं म्हणून कळलं.’